कुरियॉन : एका पहाटे कोसळलेले आणि पुन्हा उभे राहिलेले रोमन नगर

प्राचीन रोमन नगर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पहिले नाव येते ते पॉम्पेईचे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडले गेले आणि त्याची कहाणी तेथेच संपली. भूमध्य समुद्राच्या काठावरील सर्वच रोमन नगरांच्या वाट्याला असा शेवट आला नाही. काही नगरे हळूहळू ओस पडली, काहींवर नवी शहरे वसली. तर एखादे नगर कोसळूनही पुन्हा उभे राहिले. सायप्रस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील कुरियॉन हे या शेवटच्या प्रकारातले. चौथ्या शतकातील एका भूकंपाने ते जमीनदोस्त केले. त्यानंतर तेथील माणसांनी ते नव्याने उभारले आणि पुढे सुमारे तीनशे वर्षे ते नांदले. आज तेथे जाणाऱ्या प्रवाशाला खरे तर एकमेकांत मिसळलेली दोन नगरे दिसत असतात. ही गोष्ट ठाऊक नसेल तर कुरियॉन म्हणजे उन्हात तापलेल्या दगडांचा ढिगारा वाटण्याची शक्यता अधिक. ठाऊक असेल, तर त्या दगडांत एका समाजाच्या मोडण्याचा आणि सावरण्याचा इतिहास वाचता येतो.

सिसिली आणि सार्डिनिया यांच्यानंतर सायप्रस हे भूमध्य समुद्रातील तिसऱ्या क्रमांकाचे बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमासोल हे बंदराचे मोठे शहर आहे. तेथून पाफोसच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडे निघाले की द्राक्षमळे आणि संत्र्या-लिंबांच्या बागा मागे टाकत अर्ध्या तासाच्या आत एपिस्कोपी हे गाव लागते. गावाच्या पुढे समुद्रालगत एक चुनखडीचा उंच कडा उभा आहे. त्याच्या माथ्यावर कुरियॉनचे अवशेष पसरलेले आहेत. तीन बाजूंनी तुटलेला कडा, खाली निळ्या पाण्याची लांबलचक चौपाटी आणि मागे सुपीक खोरे अशी ही जागा आहे. शत्रूवर नजर ठेवायला, वारा खायला आणि शेती करायला याहून सोयीची जागा शोधूनही सापडली नसती. उणीव एकच होती, ती पाण्याची. ती भरून काढण्यासाठी दूरच्या झऱ्यांचे पाणी नळवाटांनी टेकडीवर आणले गेले. त्या व्यवस्थेचे अवशेष आजही जागोजागी दिसतात.

ग्रीसमधील अर्गोसच्या वसाहतकारांनी हे नगर वसविले, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. पुढे येथे स्वतंत्र राजे होते. इ.स.पूर्व पाचव्या शतकाच्या आरंभी सायप्रसमधील ग्रीक नगरे इराणी सत्तेविरुद्ध उठली, तेव्हा कुरियॉनचा राजा स्टासानोर ऐन लढाईत शत्रूला जाऊन मिळाला, हीही नोंद हिरोडोटसचीच. त्यानंतर इजिप्तच्या टॉलेमी राजांचा अंमल आला आणि इ.स.पूर्व ५८ मध्ये रोमने सायप्रस ताब्यात घेतले. मधली काही वर्षे बेट पुन्हा टॉलेमींकडे गेले. इ.स.पूर्व ३० पासून मात्र ते कायमचे रोमन झाले. आज आपण जे पाहतो ते मुख्यतः या रोमन काळातले आणि त्यानंतरच्या आरंभीच्या ख्रिस्ती काळातले आहे.

खेळ, स्नान आणि सुखवस्तू घरे

प्रवेशद्वारातून आत गेल्यावर पाय आपोआप वळतात ते नाट्यगृहाकडे. उतारावर अर्धवर्तुळात चढत गेलेल्या पायऱ्या आणि त्यांच्यासमोर पसरलेला समुद्र हे दृश्य सायप्रसच्या पर्यटनपत्रकांवर हमखास असते. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात येथे लहान ग्रीक पद्धतीचे नाट्यगृह होते. रोमन काळात ते वाढविण्यात आले आणि सुमारे साडेतीन हजार प्रेक्षक बसतील एवढे झाले. तिसऱ्या शतकाच्या आरंभी नाटकांची जागा हिंस्र श्वापदांच्या झुंजींनी घेतली. प्रेक्षकांच्या संरक्षणासाठी पुढच्या रांगा काढून टाकून त्या जागी उंच कठडा उभारण्यात आला. शतकाच्या अखेरीस लोकांची अभिरुची किंवा राज्यकर्त्यांचे धोरण बदलले असावे, कारण नाट्यगृह पुन्हा नाटकांसाठी वापरात आले. आज दिसणारा बराचसा भाग १९६० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या पुनर्बांधणीचा आहे, हे लक्षात ठेवावे. उन्हाळ्यात येथे प्राचीन ग्रीक नाटकांचे आणि शेक्सपिअरचे प्रयोग होत आले आहेत.

नाट्यगृहाला लागूनच युस्तोलिओस नावाच्या गृहस्थाचे घर आहे. बहुतेक प्रवासी लगेच त्यात शिरतात. आपण मात्र ते शेवटासाठी राखून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईलच.

टेकडीच्या माथ्यावर नगराचा मध्यवर्ती चौक होता. त्याच्या कडेला सार्वजनिक स्नानगृहे आणि भव्य कारंजे होते. रोमन स्नानगृह हे केवळ अंग धुण्याचे ठिकाण नव्हते. गप्पा, व्यवहार, राजकारण आणि व्यायाम या सगळ्यांचे ते केंद्र होते. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. गरम खोलीची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे. बाजूच्या भट्टीतील गरम हवा त्या पोकळीतून फिरे आणि भिंतीतील मातीच्या नळ्यांतून वर जाई. त्यामुळे जमीन आणि भिंती दोन्ही तापत. फरशी नाहीशी झाल्यामुळे आज ते बुटके खांब उघडे पडले आहेत. माहिती नसलेल्या प्रवाशाला ते विटांचे अर्थहीन बुंधे वाटतात.

याच परिसरात दोन घरे त्यांच्या जमिनीवरील मोझेइकमुळे प्रसिद्ध आहेत. मोझेइक म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे चुन्यात बसवून केलेली चित्रे. 'ग्लॅडिएटरांच्या घरा'त शस्त्रे परजून समोरासमोर उभ्या असलेल्या योद्ध्यांची चित्रे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर त्यांची नावेही लिहिलेली आहेत. एका चित्रातील जोडीची नावे मार्गारितेस आणि हेलेनिकोस अशी आहेत. दुसऱ्यात दोघांच्या मध्ये पंच उभा आहे. आज एखाद्या घराच्या भिंतीवर आवडत्या खेळाडूचे छायाचित्र असावे, तसाच हा प्रकार. 'अकिलीसच्या घरा'तील चित्र पुराणकथेवर आधारलेले आहे. ट्रोजन युद्धाला जाऊ नये म्हणून आईने अकिलीसला मुलीच्या वेषात राजवाड्यात लपविले. ओडिसिअसने युक्तीने रणशिंग वाजविले आणि वेष विसरून अकिलीसने चटकन शस्त्र उचलले. तो क्षण या चित्रात पकडलेला आहे.

हे सर्व वैभव ज्या काळी नांदत होते, त्या सुमारास आपल्याकडे दख्खनमध्ये सातवाहनांची सत्ता मावळून विदर्भात वाकाटक उदयाला आले होते. काळाचा अंदाज येण्यासाठी एवढी खूण पुरे.

पहाटेचा घात

कुरियॉनच्या उत्खननाचा आरंभ काही फारसा गौरवास्पद नाही. एकोणिसाव्या शतकात सायप्रसमध्ये अमेरिकेचा वकील असलेल्या लुइजी पाल्मा दि चेस्नोला याने बेटावरील थडगी अक्षरशः उपसून काढली. कुरियॉनच्या तळघरांत आपल्याला सोन्याचांदीचा खजिना सापडला, असे त्याने जाहीर केले. त्याचा प्रचंड संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने विकत घेतला आणि १८७९ मध्ये तोच त्या संग्रहालयाचा पहिला संचालक झाला. त्याने वर्णन केलेली तळघरे मात्र नंतरच्या कोणत्याही संशोधकाला सापडली नाहीत. निरनिराळ्या ठिकाणी मिळालेल्या वस्तू एकत्र करून त्याने 'खजिना' रचला असावा, असे आता मानले जाते.

शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले ते १९३४ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातर्फे. जॉर्ज मॅकफॅडन यांनी त्यासाठी आपले आयुष्य वेचले आणि १९५३ मध्ये कुरियॉनजवळच्याच समुद्रात नौका अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांचे सहकारी जे. एफ. डॅनियल यांना १९३४ मध्येच एका घराच्या ढिगाऱ्यात मानवी सांगाडे आढळले होते. ते काम तेव्हा अर्धवट राहिले. पन्नास वर्षांनी, १९८४ मध्ये अॅरिझोना विद्यापीठाचे डेव्हिड सोरेन त्याच जागी परतले आणि त्यांनी ते घर थरामागून थर काढत उकलले. आज ते 'भूकंपाचे घर' म्हणून ओळखले जाते.

या घराच्या तबेल्यात साधारण तेरा वर्षांच्या एका मुलीचा सांगाडा मिळाला. जवळच दगडी गव्हाणीपाशी बांधलेल्या खेचराचा सांगाडा होता. बिथरलेल्या जनावराला शांत करण्यासाठी ती धावली असावी, असा अंदाज संशोधकांनी केला. दुसऱ्या एका खोलीत तीन सांगाडे एकमेकांना बिलगलेले आढळले. त्यांत एक पंचविशीतला पुरुष, एकोणीस वर्षांच्या आसपासची स्त्री आणि दीड वर्षाचे मूल होते. आईने मुलाला छातीशी धरले होते आणि वरून कोसळणारे दगड झेलण्यासाठी पुरुष त्या दोघांवर ओणवा झाला होता. पुरुषाच्या जवळ एक अंगठी मिळाली. तिच्यावर ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरे एकमेकांत गुंफून कोरलेली होती. ज्या नगराचे रक्षण शतकानुशतके अपोलो देव करीत होता, तेथील एका सामान्य कुटुंबाने नवा धर्म स्वीकारला होता, हे त्या अंगठीने सांगितले.

माणसे झोपेत किंवा नुकतीच जागी होत असताना सापडली, म्हणजे वेळ पहाटेची असावी. ढिगाऱ्यात मिळालेली नाणी इ.स. ३६५ च्या आसपासपर्यंतची आहेत. रोमन इतिहासकार अम्मियानुस मार्केलिनुस याने त्या वर्षीच्या २१ जुलैच्या सकाळी झालेल्या महाभूकंपाचे आणि अलेक्झांड्रियाला गिळणाऱ्या समुद्रलाटांचे वर्णन केले आहे. त्यामुळे कुरियॉन त्याच दिवशी कोसळले, असा निष्कर्ष सोरेन यांनी काढला. मात्र या महाभूकंपाचे केंद्र क्रीट बेटाच्या पश्चिमेस होते, असे भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. त्या धक्क्याने पश्चिम क्रीटचा किनारा काही ठिकाणी सुमारे नऊ मीटर वर उचलला गेला. ते ठिकाण कुरियॉनपासून आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एवढ्या अंतरावरून दगडी घरे अशी भुईसपाट होतील का, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून त्याच सुमारास सायप्रसजवळ झालेल्या वेगळ्या भूकंपाने हा घात केला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सायप्रस दोन भूपट्टांच्या सीमेजवळ वसलेले असल्यामुळे तेथे भूकंप नवे नाहीत.

ही घरे माणसांवर का कोसळली, हे समजायला महाराष्ट्रातील वाचकाला फार दूर जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन करून झोपलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छप्पर यांनी त्यांचा घात केला. कुरियॉनच्या घरांच्या भिंतीही दगडाच्याच होत्या. उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी भिंत जमीन आडवी हलली की उभी राहत नाही. दगडांचा एकमेकांशी असलेला बंध सुटतो आणि घराचे वजनच घरातल्या माणसांवर येते. सोळाशे वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या भूमींवर, तीच चूक माणसांना भोवली.

परतलेल्या माणसाचे घर

आता युस्तोलिओसच्या घराकडे वळावे. संरक्षक छपराखाली, उंचावरून बांधलेल्या लाकडी मार्गिकेवरून ते पाहता येते. भूकंपानंतरच्या काळात, चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्याच्या आरंभी ही वास्तू उभी राहिली. आरंभी ते खाजगी निवासस्थान असावे. पुढे त्यात स्नानगृहांची भर पडून ते सर्वांसाठी खुले झाले. आत येणाऱ्याचे आणि घराचे कल्याण चिंतणारा लेख उंबरठ्याजवळच जमिनीत जडविलेला आहे.

खरा महत्त्वाचा आहे तो दुसरा लेख. तो खंडित आहे. तरीही त्याचा आशय स्पष्ट होतो. युस्तोलिओस कुरियॉनचा रहिवासी होता, पण त्याचे वास्तव्य परगावी होते. आपल्या नगराची दैन्यावस्था पाहून तो परतला आणि त्याने लोकांसाठी ही स्नानगृहे बांधली, असे त्यात म्हटले आहे. पूर्वी फीबस, म्हणजे अपोलो, ज्याप्रमाणे या नगराची काळजी वाहत असे, त्याच परंपरेत या उपकाराचा उल्लेख केला आहे. त्याच वास्तूतील तिसरा लेख मात्र वेगळाच सूर लावतो. दगड, लोखंड आणि पितळ यांच्याऐवजी ख्रिस्ताची पवित्र चिन्हे या घराचे रक्षण करतात, अशा अर्थाचा तो आहे. एकाच छपराखाली जुन्या देवाची कृतज्ञ आठवण आणि नव्या देवावरील विश्वास नांदताना दिसतात. धर्मांतर म्हणजे एका रात्रीत झालेली उलथापालथ, ही आपली कल्पना येथे सौम्य होते.

दगड आणि लोखंड यांवरचा हा अविश्वास कोठून आला असेल? केवळ धर्मश्रद्धेतून, असे म्हणता येईल. परंतु दगडी भिंती काय करतात हे ज्या पिढीने पाहिले किंवा आईबापांकडून ऐकले होते, तिच्यासाठी त्या शब्दांना आणखी एक अर्थ असणार, असे वाटल्यावाचून राहत नाही.

स्नानगृहाच्या मधल्या दालनात जमिनीवर चार चौकटी आहेत. एकीत तित्तिर पक्षी आहे. दुसरीत एका स्त्रीचा अर्धपुतळ्यासारखा चेहरा असून तिच्या हातात एक मोजपट्टी आहे. बाजूला तिचे नाव लिहिले आहे : 'क्तिसिस'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ निर्मिती किंवा उभारणी. तिच्या हातातील पट्टीची लांबी एका रोमन फुटाएवढी आहे. उद्ध्वस्त झालेल्या नगरातील नव्या वास्तूत कलावंताने देवदेवता किंवा योद्ध्याऐवजी मोजमाप करणाऱ्या उभारणीला जागा दिली. संपूर्ण कुरियॉनमध्ये याहून अर्थपूर्ण चित्र नाही. भूकंपाचे घर पाहून आल्यावरच हा चेहरा पाहावा, असे सुचविले ते याचसाठी.

युस्तोलिओस एकटाच नव्हता. पाचव्या शतकात माथ्यावर मोठे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आणि त्याला जोडून बाप्तिस्म्याची वास्तू उभी राहिली. तिच्यासाठी जुन्या पडक्या इमारतींचे खांब आणि दगड वापरले गेले. कुरियॉनचा बिशप झेनो इ.स. ४३१ च्या इफिससच्या धर्मसभेला उपस्थित होता आणि सायप्रसच्या चर्चचे स्वातंत्र्य मान्य करून घेण्यात त्याचा वाटा होता. म्हणजे भूकंपानंतर दोन पिढ्यांत हे नगर पुन्हा आपले म्हणणे मांडण्याइतके सावरले होते. सातव्या शतकाच्या मध्यावर अरब आरमाराच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि उघड्या कड्यावर राहणे धोक्याचे झाले. बिशपचे पीठ आतल्या बाजूच्या वस्तीत हलले. त्या पीठावरूनच आजच्या एपिस्कोपी गावाचे नाव पडले. नगर ओस पडले, तरी माणसे फार दूर गेली नाहीत.

शर्यतीचे मैदान आणि अपोलोचे वन

मुख्य अवशेषांपासून पश्चिमेला सुमारे एक किलोमीटरवर दुसऱ्या शतकातील धावण्याच्या शर्यतींचे मैदान आहे. सुमारे सहा हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या या मैदानाच्या बैठकी आता फार थोड्या उरल्या आहेत. संत बर्नबास येथून जात असताना विवस्त्र धावपटूंची शर्यत पाहून संतापला आणि त्याच्या शब्दासरशी बांधकामाचा पश्चिमेकडील भाग कोसळला, अशी कथा 'बर्नबासची कृत्ये' या जुन्या ख्रिस्ती ग्रंथात आहे. ती इतिहास म्हणून वाचायची नाही. पण कोसळत्या दगडांची आठवण या भूमीच्या कथांमध्येही शिरली, एवढे तीवरून दिसते.

आणखी पुढे अपोलो हिलातेसचे देवस्थान लागते. हिलातेस म्हणजे वनांचा देव. इ.स.पूर्व आठव्या शतकापासून ख्रिस्तोत्तर चौथ्या शतकापर्यंत येथे पूजाअर्चा चालत असे. यात्रेकरूंची विश्रामस्थाने, स्नानगृह, पूजेचा मार्ग आणि अंशतः पुन्हा उभारलेले छोटे मंदिर येथे पाहायला मिळते. अपोलोच्या वेदीला स्पर्श करणाऱ्यास जवळच्या कड्यावरून समुद्रात लोटून देत, असे भूगोलकार स्ट्रॅबोने लिहिले आहे. आता मात्र त्या परिसरात झाडांच्या सावलीत घटकाभर निवांत बसता येते.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

टेकडीवर सावली फार थोडी आहे. जून ते सप्टेंबर या काळात सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावे. टोपी, पाणी आणि घसरणार नाहीत अशी पादत्राणे हवीत. दोन-तीन तास मुख्य अवशेषांना आणि एक तास अपोलोच्या देवस्थानाला द्यावा. भाड्याने मोटार घेतल्यास आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असल्याने अडचण येत नाही. हा परिसर ब्रिटनच्या अक्रोतिरी लष्करी तळाच्या हद्दीत येतो, तरी पुरातत्त्वीय स्थळ प्रवाशांना खुले असते. उत्खननात मिळालेल्या वस्तूंसाठी एपिस्कोपी गावात मॅकफॅडन यांच्या जुन्या घरातच संग्रहालय केलेले आहे. ते उघडे आहे किंवा नाही याची निघण्यापूर्वी चौकशी करावी.

संध्याकाळी परतताना नाट्यगृहाच्या वरच्या पायरीवर थोडे थांबावे. समोर समुद्र, उजव्या हाताला माथ्यावरचे नगर आणि जवळच युस्तोलिओसच्या घराचे छप्पर. त्या तिघांना ज्यांच्या हातांनी मूठमाती द्यायला हवी होती, ते हातही बहुधा त्याच पहाटे ढिगाऱ्याखाली गेले, म्हणून ते सोळाशे वर्षे तसेच राहिले. त्यांच्यानंतर आलेल्यांनी त्याच टेकडीवर मोजपट्टी घेऊन पुन्हा पाया आखला. किल्लारीच्या परिसरातून किंवा कोणत्याही मोडलेल्या गावातून आलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टींचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.